टायरले बेंड झालं जी

“साहेब, तुमच्या टायरले बेंड झालं जी.”

एप्रिलमधली सकाळ, सहा-सव्वासहाची. आमच्या अपार्टमेंटमधल्या गाड्या पुसणारा पोट्टा फडकं खांद्यावर टाकून दारात उभा होता. चहा तसाच ठेवून मी खाली गेलो. पुढचं डावं चाक, बाहेरची बाजू, आणि रबरावर लिंबाएवढा फुगवटा. अंगठ्याने दाबून पाहिलं, आजूबाजूच्या रबरापेक्षा मऊ लागला. टायरवाले याला फुगा म्हणतात, पण मला त्या पोट्ट्याचाच शब्द जास्त पटला. बेंडच ते. आत काहीतरी नासल्याशिवाय वर येत नाही.

नासतं ते असं. टायरच्या बाजूच्या भिंतीत, रबराच्या आत, दोऱ्यांचं विणकाम असतं. हवेचा दाब खरा तोलून धरतात ते हे दोरे. रबर नुसतं वरचं कातडं. चाक खड्ड्याच्या काठावर आदळलं की ती भिंत काठ आणि रिम यांच्यात अडकित्त्यातल्या सुपारीसारखी चिमटते, काही दोरे तुटतात, आणि तेवढ्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. याला पंक्चरसारखं ठिगळ चालत नाही. टायर फेकायचा, एवढाच उपाय.

कुठे आदळलं तेही आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी रात्री साडेदहाला, सिमेंटचा रस्ता संपून गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, सुरू होतात तिथे. नागपूरकरांना ती जागा कुठली हे विचारायची गरज नाही, प्रत्येकाच्या घराजवळ एक असते. सिमेंट वर, गट्टू चार बोटं खाली, मधली कड सरळ कापलेली. समोरून दुचाकी आली म्हणून मी डावीकडे घेतली आणि ‘धाड’ असा आवाज आला. उतरून पाहिलं, रिम शाबूत, हवा शाबूत. देवाचे आभार मानून घरी आलो. बेंड तेव्हाच धरलं असणार, वर यायला वेळ लागला.

आता गाडीबद्दल. २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५. भारतात हिच्या फक्त २०० गाड्या आल्या, त्याही परदेशातून तयार होऊन. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, २४५ पीएस म्हणजे अश्वशक्ती, ३७० न्यूटन-मीटरचा जोर, आणि ही सगळी ताकद पुढच्या दोन चाकांना. मी २०२२ मध्ये पुण्यातल्या एका गृहस्थांकडून घेतली, तेव्हा सहा हजार किलोमीटर चालली होती. मी धंद्याने चार्टर्ड अकाउंटंट, वय ४७, ऑफिस धंतोलीत. घर ते ऑफिस पाच किलोमीटर. या गाडीची गरज काय होती, हे बायकोने विचारलं, बाबांनी विचारलं, शेजारच्या काकूंनीही विचारलं. मला अजून उत्तर सापडलेलं नाही. पण लेक पुण्यात शिकते आणि समृद्धी महामार्ग झाला, या दोन गोष्टी मी पुढे करतो.

बाबा खाली आले, फुगवटा पाहिला आणि म्हणाले, “रिमोल्ड करून घे.” त्यांची फियाट असताना ते सीताबर्डीहून टायर रिमोल्ड करून आणायचे. मी समजावलं की हे भिंतीचं दुखणं आहे, रिमोल्डमध्ये वरचा पट्टा नवा होतो. “मग एवढी पातळ भिंत घेतलीच कशाला?” हा प्रश्न मात्र बरोबर होता, आणि पुढचे पाच आठवडे माझ्या डोक्यात राहिला.

घाई होती. १७ मेला पुण्यात मामेबहिणीच्या मुलीचं लग्न. समृद्धीवर घासलेल्या टायरच्या गाड्या आरटीओने परत पाठवल्याच्या बातम्या २०२३ पासून आपण वाचतोच आहोत. आणि बेंड घेऊन १२० ने काँक्रीटवर जाण्याइतका मी शूर नाही.

पहिलं दुकान मोठं, काचेचं, आत एसी. काउंटरवरच्या मुलाने गाडी पाहिली, टायर पाहिला आणि म्हणाला, “सर, एकच बदलून देतो.” एक बदलणं म्हणजे एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला पाच वर्षांचा. दोन्हींची पकड वेगळी आणि व्यासही थोडा वेगळा. माझ्या गाडीत पुढच्या दोन चाकांमध्ये ताकद वाटून देणारा इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आहे. त्याला एकच पाय नवा देणं मला पटेना. मग तो म्हणाला, “मग दोन टाका, पुढे.” इथे मीही फसलो असतो. पुढचीच चाकं ओढतात, वळतात, जास्त ब्रेक सोसतात, म्हणजे नवे टायर पुढे, हे सरळ वाटतं. पण टायर कंपन्या उलट सांगतात: दोनच नवे घेतले तर ते मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जायला बघते, पाय उचलला की ती बरेचदा सावरते. मागची सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि ते सावरायचं कसब माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दुकानात एसी नव्हता. कामठी रोडला, पत्र्याची शेड, कोपऱ्यात लोखंडी कूलर, खसचा वास. तिथले मालक, सगळे त्यांना चाचा म्हणतात, पासष्टीचे असतील. त्यांनी बेंडाकडे फारसं पाहिलंच नाही. खाली बसले, टायरच्या पट्ट्यावरून आडवा तळवा फिरवला, मग दुसऱ्या चाकाच्या, मग मागच्या दोन्ही. खिशातून खोली मोजायची पट्टी काढली. मधल्या खाचेत चार मिलिमीटर. दोन्ही कडांना दोनच्या जेमतेम खाली. कायद्याची मर्यादा १.६.

“हवा किती ठेवता?”

“एरवी ३०. उन्हाळ्यात २८.”

“कोणं सांगतलं?”

कोणी म्हणजे सगळ्यांनीच. पेट्रोल पंपावरच्या पोट्ट्याने, पंक्चरवाल्याने, ऑफिसच्या ड्रायव्हरने. नागपुरात हे मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांसारखं घरगुती ज्ञान आहे: ऊन तापलं की हवा फुगते, म्हणून आधीच कमी भरा, नाहीतर टायर फुटेल.

चाचा हसले. “साहेब, पोट भरलेला माणूस सरळ उभा राहते. उपाशी माणूस खांदे पाडते. तुमचे टायर तीन वर्षं उपाशी होते. खांदेच घासले ना मग.”

मला तिथल्या तिथे घाम फुटला, आणि तो फक्त कूलरच्या ओलाव्याचा नव्हता. गाडीवर मी वेड्यासारखा खर्च करतो, इंजिन ऑइल कोणतं यावर तासभर बोलू शकतो, आणि फुकट मिळणारी हवा मी तीन वर्षं चुकीची भरत होतो.

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, धंद्याची सवय. सकाळी २५ अंशांत ३३ पीएसआय (पंपावर हवेचा दाब याच मापात सांगतात) भरले आणि दुपारी टायर ४५ अंशांवर गेला, तर दाब साधारण ३६ होतो. तीन पीएसआयची वाढ, बस. माझ्या टायरच्या भिंतीवर कमाल दाब छापला होता ५०. म्हणजे नागपूरच्या उन्हाने हवा फुगून टायर फुटेल ही भीती मुळातच पोकळ. टायर फुटतो तो वेगळ्या वाटेने. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते, तसंच इथे. समृद्धीवर हे वाकणं तासन्‌तास, सलग, भरलेल्या डिकीसह चालतं. उष्णता आतल्या आत साठते, रबर आणि दोरे एकमेकांना सोडायला लागतात. उन्हाच्या भीतीने हवा कमी करणं म्हणजे उन्हाला आतून मदत करणं.

आणि ते बेंडही त्याचंच लेकरू. ९० मिलिमीटरच्या भिंतीत २८ ची हवा. गट्टूच्या कडेला तिने तग धरायचा तरी कशाच्या जोरावर?

गाडीतलं टायरच्या दाबाचं चिन्ह का पेटलं नाही, हाही प्रश्न होता. उत्तर मॅन्युअलमध्ये मिळालं. या गाडीत चाकाच्या आत दाब मोजणारं यंत्र नाही. हवा कमी झालेलं चाक व्यासाने किंचित लहान होतं, म्हणून किंचित जास्त फिरतं. तो फरक ब्रेकचे सेन्सर पकडतात. त्यासाठी आधी हवा नीट भरून ‘सेट’ दाबायचं असतं. मी दर उन्हाळ्यात २८ भरून भक्तिभावाने सेट दाबत होतो. बिचारीने २८ लाच धर्म मानलं होतं.

योग्य आकडा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. तीन वर्षं मी ते झाकण उघडत होतो. आकडे बारमध्ये होते, म्हणून कधी वाचले नाहीत. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. दोघे बसले तर वेगळा आकडा, पाच माणसं आणि सामान असेल तर वेगळा. २८ त्या तक्त्यात कुठेच नव्हता.

तर चारही टायर बदलायचे, हे ठरलं. आता कोणते?

इथे प्रत्येक नागपूरकर तज्ज्ञ असतो. यवतमाळचा माझा चुलतभाऊ म्हणाला, “दादा, १७ इंची रिम टाक, जाड टायर टाक, गट्ट्याले भ्यायचंच काम नाही.” बाबांच्या प्रश्नाचं हेच उत्तर होतं, म्हणून मी ते मनापासून तपासलं. माझा आकार २२५/४० आर १८. रुंदी २२५ मिलिमीटर, भिंत तिच्या ४० टक्के म्हणजे ९०, आणि १८ इंची रिम धरून चाकाची एकूण उंची ६३७. रिम १७ ची केली तर जवळचा आकार २२५/४५ आर १७. भिंत १०१, उंची ६३४. मीटर वगैरे सगळं जुळतं, पण एवढा खटाटोप करून भिंत वाढते अकरा मिलिमीटर, माझ्या करंगळीच्या जाडीएवढी. भावाच्या मनातला २२५/५० घेतला तर भिंत ११२, पण चाक तीन टक्क्यांनी मोठं, स्पीडोमीटर खोटं बोलणार, आणि चाकावरच्या कमानीला घासण्याची भीती वेगळी. शिवाय या गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क मोठ्या आहेत. १७ ची कुठलीही रिम त्या डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरवरून जाईलच असं नाही, प्रत्येक बसवून पाहावी लागते. चार रिम, चार टायर, आणि विमा कंपनीला कळवण्याचं लिखापढीचं काम. अकरा मिलिमीटरसाठी नको वाटलं. हवा २८ वरून योग्य आकड्यावर नेली तर भिंतीला त्यापेक्षा जास्त बळ फुकटात मिळतं.

आकार तोच ठेवला. मग त्यापुढचे आकडे. माझ्या जुन्या टायरवर ९२वाय होतं. ९२ म्हणजे एका टायरने पेलायचं वजन, ६३० किलो. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची क्षमता. एका दुकानदाराने फोनवर बराच स्वस्त भाव सांगितला. मी म्हटलं, भिंतीचा फोटो पाठवा. फोटोत ८८ होतं. “चार आकड्याने काय फरक पडते, साहेब?” ८८ म्हणजे ५६० किलो. एका टायरमागे ७० किलोचा फरक, चार मिळून २८०. माझी गाडी रिकामी दीड टनाच्या आत आहे, म्हणजे हिशेबाने ८८ सुद्धा पेलेल. पण कंपनीने ९२ लिहिलंय ते वळणावर, ब्रेकला, खड्ड्यात एकाच चाकावर येणारा भार धरून. त्यातून मी आत्ताच एका कमजोर भिंतीची किंमत मोजत होतो. त्याला नमस्कार केला.

वेगाच्या अक्षराबद्दल मात्र मी स्वतःशीच वाद घातला. समृद्धीवर मर्यादा १२०. मग ३०० चा वाय कशाला? व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. काय कमी आहे? पण हे अक्षर शेवटी उष्णता सोसण्याचंही अक्षर आहे. टायर फिरत्या ड्रमवर ठेवून, वेग टप्प्याटप्प्याने वाढवून तपासतात, आणि ती चाचणी वीस ते तीस अंशांच्या खोलीत होते. आमच्याकडे मे महिन्यात एवढं तापमान फ्रीज उघडल्यावर लागतं. दुपारी दोन वाजता काँक्रीटवर अनवाणी उभं राहून बघा, मग वाय जास्त वाटणार नाही. शिवाय कंपनीने लिहिलेल्यापेक्षा कमी अक्षर टाकून, उद्या काही झालं तर विमावाल्याच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?

ब्रँडबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक उगाच रक्त आटवतात. यादी दोनवर आली: मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ आणि ब्रिजस्टोनचा टुरान्झा टी००५. पहिला पकडीचा, दुसरा आरामाचा आणि शांत. शांततेला नागपुरात मोल आहे. सिमेंटच्या रस्त्यांवर पाणी धरू नये म्हणून आडव्या रेघा मारलेल्या असतात, त्यांवरून चाक गेलं की गाडीत आरती चालू असल्यासारखी घूं-घूं येते. एका मित्राच्या गाडीला टुरान्झा होते. त्याच्या शेजारी बसून वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून विमानतळापर्यंत गेलो, येताना आतल्या सिमेंट रस्त्यांनी आलो. खरंच शांत. बायको असती तर तिथेच निर्णय झाला असता.

तरी मी पायलट स्पोर्ट घेतला. ३७० न्यूटन-मीटर दोन चाकांतून जमिनीवर उतरवायचे आहेत, आणि जुलैत पहिल्या सरीनंतर आमचे रस्ते साबणासारखे होतात, तेव्हा थांबायचं अंतर मला आवाजापेक्षा महत्त्वाचं वाटलं. “कडक रबर घ्या, उन्हात टिकते” हा सल्ला चार जणांनी दिला. टिकेलही. पण टायर पन्नास हजार किलोमीटर टिकून एकदा वेळेवर थांबला नाही, तर उरलेल्या किलोमीटरचा हिशेब कोण ठेवणार? माझं वर्षाचं चालणं दहा हजारांच्या आसपास. माझ्याकडे टायर घासून मरायच्या आधी म्हातारा होऊन मरेल.

म्हातारपणावरून आठवलं. टायर मिळेनात.

जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘निर्बंधित’ केली. परवान्याशिवाय माल येत नाही. छोट्या गाड्यांच्या आकारांना फरक पडला नाही, ते इथेच बनतात. १८ इंची, बारीक भिंतीचे, वाय अक्षराचे टायर मात्र कधी असतात, कधी नसतात. गंमत म्हणजे बुटीबोरीला सिएटचा कारखाना आहे, माझ्या घरापासून तासाभरावर. तिथे बनतात दुचाकीचे टायर. देशाचा मध्य मानला जाणारा झिरो माईलचा दगड आमच्या शहरात. त्याचा अर्थ मला त्या महिन्यात कळला: प्रत्येक गोडाऊन इथून सारखंच लांब.

शेवटी एका विक्रेत्याने मुंबईहून मागवून देतो म्हटलं, आगाऊ रक्कम घेतली, आणि लग्नाच्या पाच दिवस आधी टायर आले. मी ऑफिस सोडून धावलो. चार टायर भिंतीला टेकवून ठेवलेले, नव्या रबराचा वास, मन प्रसन्न. सहज वाकून भिंतीवर ‘डीओटी’ अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहिले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. दोन टायरवर ०६२५, म्हणजे २०२५ चा सहावा आठवडा. उरलेल्या दोनवर ३८२२. सप्टेंबर २०२२.

“साहेब, वापरलेले नाहीत ना जी, नवेच आहेत. गोडाऊनमध्ये होते.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सावलीत, थंड जागी ठेवलेला टायर दोन-अडीच वर्षांनी निकामी होत नाही. पण रबर उन्हाने, उष्णतेने, हवेतल्या ओझोनने म्हातारं होत जातं, आणि ते गोडाऊन सावलीचं होतं की पत्र्याचं, हे मला कोण सांगणार? मी पूर्ण किंमत नव्या टायरची देत होतो. आणि एका गाडीवर दोन तरुण, दोन प्रौढ, हे मला पहिल्याच दुकानात नको होतं. तो म्हणाला, जुने दोन मागे टाकतो, कळणारही नाही. खरंच कळलं नसतं. तारीख बहुतेक टायरच्या एकाच बाजूला असते. ती बाजू आत गेली की गाडी वर उचलून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. म्हणून ती बसवण्याआधीच वाचायची.

आवाज चढला, दोन्हीकडून. मी म्हटलं, चारही २०२५ चे द्या, नाहीतर पैसे परत. तो म्हणाला आठ दिवस लागतील. लग्न पाच दिवसांवर.

तर लग्नाला आम्ही गेलो गरीबरथने. २४५ पीएस खाली पार्किंगमध्ये, कव्हर घालून, आणि आम्ही तिघं तत्कालच्या तिकिटावर. मांडवात पहिलाच प्रश्न मामाचा, “काय हो सीए, गाडी नाही आणली?” बायकोने माझ्या आधी उत्तर दिलं, “तिला बेंड झालंय.”

टायर बसले २४ मेला, नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायच्या आदल्या दिवशी, चाचांकडेच. विक्रेत्याने अखेर चारही ०९२५ चे दिले होते. बसवायला मी ते कामठी रोडला नेले, हा माझा छोटासा सूड. चाचांनी एकेक टायर उचलून भिंतीवरचा ‘आउटसाइड’ शब्द मुलांना दाखवला. या टायरची नक्षी दोन बाजूंना वेगळी असते: बाहेरचा भाग वळणासाठी, आतला पाणी काढण्यासाठी. उलटा बसला तर गाडी चालते, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. हवा भरायचे व्हॉल्व्हही नवे टाकले. पाच वर्षांचं रबर तेही, आणि शंभर रुपयांच्या वस्तूसाठी लोक हजारो रुपयांच्या टायरमधली हवा घालवतात. बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतून चिकटवली. अलाइनमेंटच्या कागदावर पुढचं डावं चाक बाहेर पाहत होतं, गट्टूची आठवण. ते सरळ केलं. नट आवळताना पोट्ट्याने हवेची गन घेतली, चाचांनी ती काढून घेतली आणि हातातला पाना दिला.

नायट्रोजनबद्दल विचारलं, तर चाचांनी बाजूच्या दुकानाकडे बोट दाखवलं, “त्याच्याकडे हाय. पैसे जास्त झाले असन तर जा.” साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. कोरडा असतो आणि हळू गळतो, एवढाच फायदा. मी साधी हवा भरली. झाकणावरच्या आकड्याने. मग सेट दाबलं.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून काढले, नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण नसते. एका संध्याकाळी अवकाळी आला. रिकाम्या आउटर रिंग रोडवर, मागे कोणी नाही हे दोनदा पाहून, ६० वरून जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबली. एवढंच. मागच्या जुलैत याच रस्त्यावर एबीएसने, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेने, किती वेळ पायाला थरथर दिली होती ते आठवलं आणि थोडं गार वाटलं. आवाज मात्र आहे. सिमेंटवर घूं-घूं येते. बायको गाणी मोठ्याने लावते.

जूनमध्ये लेकीला आणायला निघालो. पहाटे पाचला घरी हवा तपासली, थंड टायर, ३४. शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो. जालन्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा पुन्हा गेज लावला: ३९. पंपावरचा मुलगा धावत आला, “काका, हवा लय झाली, काढून देतो.” त्याच्या हातात नळी तयार होती. हात आडवा घालावा लागला. धावलेल्या टायरची वाढलेली हवा ही त्याचीच असते, ती काढली की थंड झाल्यावर तो पुन्हा उपाशी. पोरगा माझ्याकडे शहाण्याने वेड्याकडे पाहावं तसं पाहत होता. मीही तीन वर्षं असाच पाहत होतो.

बिल झालं ७१,६८० रुपये, २८ टक्के जीएसटी धरून. मूळ किंमत ५६,०००. २२ सप्टेंबरला टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ऑफिसात क्लायंटसाठी नव्या दरांचा तक्ता करत होतो, त्यात ती ओळ आली. हात थांबला. कॅल्क्युलेटरची गरज नव्हती: ५,६०० रुपये. रात्री जेवताना मी हे बोललो, ते बोलायला नको होतं.

बायकोने ताटात वरण वाढता वाढता विचारलं, “तारीख बघून घेतले होते ना?”